समकालीन चित्रकार, मुखपृष्ठकार शोधायचे कसे? पिंटरेस्टवर तेच ते दिसतंय

रंगपेटी

एका छोट्या प्रकाशनासाठी दोन कामं करायची आहेत. एक म्हणजे डेमी १/८ आकाराच्या कथासंग्रहाचं चार रंगांतलं मुखपृष्ठ. दुसरं, दिवाळी अंकातल्या पाच कथांची चित्रं, तीही एकाच रंगात, म्हणजे काळ्यात.

संदर्भ बघायला बसलं की पिंटरेस्ट फिरून फिरून त्याच जागी आणून सोडतं. खिडकीत बसलेली मुलगी, शेजारी मांजर, कुंडीतलं झाड, फिकट गुलाबी आणि मोरपंखी रंग. त्यात आता एआयच्या चित्रांचा रतीब. आज जगात आणि आपल्याकडे चांगलं काम कोण करतंय, ते शोधायची काही रीत आहे का? देवनागरी शीर्षकांचे चांगले नमुने कुठे मिळतील? आणि मिळालेल्या संदर्भाचं करायचं काय, म्हणजे नक्कल होणार नाही आणि उपयोगही होईल?

तळटीप

पिंटरेस्ट चित्राला चित्र जुळवत जातं. एका मांजरावर टिचकी मारलीत की पन्नास मांजरं येणारच. तुम्हाला माणसं हवी आहेत, आणि चित्राखालचं नाव तिथे बहुतेक वेळा गळून पडलेलं असतं. म्हणून एक चित्र मनापासून आवडलं की पुढे सरकत बसू नका. त्या एकाच चित्रावर अर्धा तास घालवा.

चित्र उतरवून घ्या आणि भोवतालचा मॉकअप कापून टाका. टेबल, फ्रेम, कॉफीचा कप तसाच ठेवला तर गूगल लेन्स तुम्हाला कप विकायला लागेल. नाव शोधायचं असेल तर आधी टिनआय (चित्रावरून शोध घेणारं संकेतस्थळ) वापरा, लेन्स नंतर. टिनआय तेच चित्र कुठे कुठे आलंय ते सांगतं, लेन्स त्याच्यासारखी दिसणारी चित्रंही दाखवतं. टिनआयवर निकाल ‘सर्वांत जुने आधी’ असे लावून घ्या. ती तारीख त्यांच्या यंत्राला ते पान पहिल्यांदा दिसल्याची असते, चित्र प्रसिद्ध झाल्याची नव्हे. तरी उचलेगिरीच्या गर्दीतून मूळ पानाच्या जवळ जाता येतं. काहीच हाती लागलं नाही तर चित्राचे खालचे दोन कोपरे मोठे करून बघा. सही बहुधा तिथेच असते.

नाव मिळालं की चित्रकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. इन्स्टावर नुसतं चित्र असतं. संकेतस्थळावर काम कोणासाठी केलं तेही लिहिलेलं असतं, आणि मासिकाचं काम असेल तर पुष्कळदा कलासंपादकाचं नावही. हा कलासंपादक फार कामाचा माणूस. एकच मासिक वर्षभरात कितीतरी वेगवेगळ्या हातांना काम देतं आणि ती निवड त्याची असते. त्याचं नाव धरून शोधलंत की एका शैलीचे वीस चित्रकार न मिळता एका नजरेने निवडलेले वीस वेगवेगळे मिळतात.

असंच आडवं सरकायला आणखी दोन वाटा आहेत. बिहान्स या चित्रकारांनी आपली कामं मांडायच्या संकेतस्थळावर चित्रकाराच्या प्रोफाइलमध्ये त्याने दाद दिलेल्या कामांची यादी असते. त्याचं स्वतःचं काम एकदा बघून झालं की ती यादी चाळा. आणि आरेना (Are.na), संदर्भ जमवून ठेवायचं संकेतस्थळ. तिथे कुठलाही नमुना उघडला की तो आणखी कोणाकोणाच्या संग्रहात जोडलेला आहे ते दिसतं. हे संग्रह माणसांनी हाताने लावलेले असतात, त्यामुळे जुन्या काडेपेटीच्या लेबलाशेजारी पोलिश पोस्टर आणि त्याशेजारी औषधाच्या खोक्याची मांडणी असं काहीही निघतं.

स्पर्धांच्या याद्याही बघा, पण पारितोषिकविजेते सोडून लघुयाद्या. बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात चित्रकारांचं प्रदर्शन १९६७ पासून भरतंय. ब्रिटनच्या ‘असोसिएशन ऑफ इलस्ट्रेटर्स’ची जागतिक स्पर्धा आहे, अमेरिकेत ‘कम्युनिकेशन आर्ट्‌स’ मासिकाचा चित्रांचा वार्षिक अंक निघतो. लघुयादीत नावाबरोबर कामाचा प्रकारही दिलेला असतो: पुस्तक, संपादकीय, जाहिरात. तुम्ही ‘पुस्तक’ आणि ‘संपादकीय’ एवढेच बघा. जाहिरातीचं चित्र वेगळ्या गरजेतून येतं, ते कथेच्या पानावर नेलं की पान साबण विकायला लागतं.

एआयसाठी साधा उपाय. गूगलच्या चित्रशोधात शब्दांनंतर इंग्रजीत ‘बिफोर’, लगेच कोलन आणि २०२२ असं जागा न सोडता टाका. त्यानंतरचं चांगलं कामही त्यात गळतं, पण शैलीचा मूळ पुरुष शोधायला ही चाळणी पुरते. पिंटरेस्टनेही सेटिंगमध्ये एआय-चित्रं कमी करायची सोय दिली आहे, मात्र ती ठरावीक विषयांपुरतीच आहे.

पानोपानी

वरचं सगळं मान्य, पण क्रम उलटा लावा. मराठी कथेला चित्र काढायचं तर आधी घरातली आणि वाचनालयातली पुस्तकं उघडा, आंतरजाल नंतर.

मराठी पुस्तकाचं श्रेयपान कोणी वाचत नाही. तिथे मुखपृष्ठ, आतील चित्रे, अक्षरलेखन, मांडणी अशी चार-चार नावं वेगवेगळी दिलेली असतात. दिवाळी अंकात हीच नावं अनुक्रमणिकेच्या पानावर किंवा संपादक मंडळाच्या चौकटीत बारीक टायपात सापडतात. वाचनालयात बसून गेल्या चार-पाच वर्षांच्या अंकांची फक्त ही चौकट मोबाइलवर टिपून घ्या. तासाभरात पुढच्या महिनाभराचा अभ्यास हातात येतो.

तुम्ही ‘समकालीन’ म्हणालात, तरी एकरंगी कथाचित्रासाठी वसंत सरवटे आणि बाळ ठाकूर यांच्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. सरवट्यांची रेष बघताना व्यक्तिरेखेच्या चेहऱ्यावर अडकू नका. माणूस पानावर कुठे उभा आहे आणि त्याच्याभोवती किती जागा मोकळी सोडली आहे, ते बघा. एका रंगात राखाडी छटांनी खोली आणायची खटपट बहुतेक जण करतात. यांच्याकडे ते काम मोकळा कागद करतो.

आजच्यांपैकी मराठीत माधुरी पुरंदरे (लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकमेकांना जागा कशी देतात ते दिसतं) आणि मुखपृष्ठांसाठी चंद्रमोहन कुलकर्णी. ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची चित्रपुस्तकं एकापाठोपाठ एक लावून बघा. भारतातल्या इतर भाषांत आणि इंग्रजीत प्रिया कुरियन, राजीव आयप, प्रोइती रॉय. मुंबईचे समीर कुलावूर रस्त्यावरच्या वस्तूंची निरीक्षणं चित्रांतून मांडतात, निळी ताडपत्री हा त्यांचा एक मोठा विषय. गोव्याकडे वळलात तर ओरिजित सेन. गोवा विद्यापीठातल्या मारियो मिरांडा अध्यासनावर असताना त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाच्या बाजाराचा चित्र-नकाशा करायला घेतला. भाजी कोण विकतं, कुठे बसतं, टोपली कसली, ही सगळी माहिती चित्रातच. गर्दीचं दृश्य काढायचं असेल तर याहून चांगला धडा नाही.

फुकटात आणि कायदेशीर बघायचं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून चालू आहे, मराठीतही भरपूर पुस्तकं आहेत आणि प्रत्येक पुस्तकात चित्रकाराचं नाव दिलेलं असतं. बहुतेक साहित्य सीसी-बाय ४.० परवान्याखाली आहे. म्हणजे व्यावसायिक कामातही वापरता येतं, पण चित्रकाराचं श्रेय, परवान्याचं नाव आणि काही बदल केला असेल तर त्याचा उल्लेख, हे तिन्ही छापावं लागतं. ‘साभार : इंटरनेट’ म्हणजे श्रेय नव्हे!

चेन्नईच्या तारा बुक्सची हाताने स्क्रीनप्रिंट केलेली पुस्तकं पडद्यावर बघून काही उपयोग नाही. हातात घ्या. काळ्या कागदावर रंगाचा थर बोटाला लागतो. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम यांची गोंड चित्रं त्यात भेटतील. इथे एक सांगून ठेवतो. गोंड किंवा वारली चित्रातल्या आकृत्या उचलून मुखपृष्ठाची किनार सजवणं हा प्रकार करू नका. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते नसतं तरी ती भाषा ज्यांची आहे त्यांच्यापैकी कोणाला काम देणं जास्त सरळ.

खिळेजुळारी

देवनागरीबद्दल. आवडलेल्या इंग्रजी मुखपृष्ठाची मांडणी उचलून त्यात मराठी शीर्षक बसवलं की हमखास फसतं. रोमन कॅपिटलच्या ओळीला वरखाली काही लटकत नाही, ओळींवर ओळी घट्ट रचता येतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. दोन ओळी तशाच चिकटवल्या की वरच्या ओळीचा ‘कृ’ खालच्या ओळीच्या ‘र्थी’वर बसतो. म्हणून मांडणीचे नमुने देवनागरीतलेच गोळा करा.

सुरुवात कमल शेडगे यांच्यापासून (१९३५–२०२०). नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरं जुन्या वर्तमानपत्रांत भरपूर आहेत. प्रत्येक शीर्षकात शिरोरेषेचं काय केलंय तेवढंच बघत जा: कुठे तोडली, कुठे वाकवली, कुठे गाळलीच. मग र. कृ. जोशी. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचाच, पण त्यावरून त्यांना जोखू नका, तो पडद्यावरच्या मजकुरासाठी केलेला टंक (फॉन्ट) आहे. त्यांचं सुलेखन बघा.

आजचं काम बघायला मुंबईचा ‘एक टाइप’ हा गट आणि अहमदाबादची इंडियन टाइप फाउंड्री. ‘एक टाइप’चे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’, ‘जैनी’, ‘अनेक’ हे टंक गूगल फॉन्ट्‌सवर मोफत आहेत. मोदक नावासारखाच गुबगुबीत. अक्षराच्या आत पांढऱ्या बारीक चिरा तेवढ्या उरतात, त्यामुळे तो भल्या मोठ्या आकारातच वापरायचा. लहान केला की त्या चिरा शाईने बुजतात. ‘अनेक’मध्ये जाडीबरोबर रुंदीही बदलता येते, लांबलचक शीर्षकाला हे वरदान आहे. अक्षरं आडवी दाबून बसवू नका. दाबली की उभे दांडे बारीक होतात आणि शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ही बघा. हनिफ कुरेशी यांनी पेंटर मंडळींची अक्षरं जमवून ती टंकरूपात आणायचा ‘हँडपेंटेडटाइप’ प्रकल्प केला, तोही नजरेखालून घाला. टंक प्रत्यक्ष छपाईत कसे वापरले जातात याचा मोठा संग्रह ‘फॉन्ट्‌स इन यूज’वर आहे. तिथे लिपीवरून शोधता येतं, पण भारतीय लिप्यांचे नमुने रोमनच्या मानाने थोडे आहेत. आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं (तिथल्या डिझाइन विभागाचं) ‘डीसोर्स’ हे संकेतस्थळही चाळा. ‘टायपोग्राफी डे’ या २००८ पासूनच्या परिषदेतले निबंध जालावर वाचायला मिळतात.

एखादा टंक निवडण्याआधी हे शब्द टंकून बघा: लक्ष्मी, विश्वास, दुसऱ्या, कुऱ्हाड, श्रद्धा, शृंगार, कर्तृत्व, ट्रॅक्टर, ऑफिस. ‘दुसऱ्या’त चंद्रकोरीसारखा र दिसायला हवा. ‘दुसर्या’ असं रफारासकट आलं तर दोष टंकाचा नसेलही. तिथे नुक्त्याचा ‘ऱ’ टंकावा लागतो. काही जण त्याऐवजी साधा ‘र’ आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टंकतात. कीबोर्ड बदलला किंवा मजकूर एकीकडून दुसरीकडे चिकटवला की ते जोडचिन्ह गळतं, म्हणून लेखकाकडून आलेल्या फाइलमध्ये हा शब्द मुद्दाम शोधून बघा.

रंगपेटी

खिळेजुळारी, एक अडचण. इनडिझाइनमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे येतात, आणि इलस्ट्रेटरमध्ये तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. टंक तोच आहे.

दुसरं, दीनानाथ दलालांचं जुनं मुखपृष्ठ स्कॅन करून त्याचा एखादा भाग आत वापरायची प्रकाशकांची इच्छा आहे. पन्नास वर्षं होऊन गेलीत, चालेल ना?

खिळेजुळारी

दोन वेगळे आजार आहेत.

वेलांटी उजवीकडे जाणं आणि जोडाक्षर फुटून हलन्त दिसणं म्हणजे प्रोग्रॅम देवनागरीचे नियम लावतच नाहीये. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, त्यात टाइप, तिथे भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करा. मग परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूमधून ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. तो परिच्छेद-शैलीतच घालून ठेवा, नाहीतर नव्या चौकटीत पुन्हा जुनंच येईल.

‘ल’ आणि ‘श’चं कारण वेगळं. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं, २००९ च्या शासन निर्णयातही हीच धरली आहेत. पुष्कळ टंकांत हिंदी रूपं समोर असतात आणि मराठी रूपं मागे दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ती पुढे येतात. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा. संकेतस्थळ असेल तर पानाच्या भाषेचा संकेत ‘एमआर’. एवढं करूनही बदल झाला नाही तर त्या टंकात ती रूपंच नाहीत असं समजा. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ती आधीपासूनच असतात. आतल्या मजकुराला तो शोभतोही.

तळटीप

दलालांबद्दल: नाही, चालणार नाही. आपल्या कायद्यात कलाकृतीचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. दलाल गेले १९७१ मध्ये, म्हणजे २०३१ संपेपर्यंत हक्क अबाधित. तो वारसांकडे आहे, प्रकाशकाकडे की आणखी कोणाकडे, हे वेगळं शोधावं लागेल. लेखी परवानगी घ्या. शैलीवर कोणाचा हक्क नसतो, नेमक्या चित्रावर असतो. त्यामुळे दलालांसारखी रंगसंगती चालेल, दलालांची आकृती गिरवलेली चालणार नाही.

ऑफसेटवाला

मिळालेल्या संदर्भाचं करायचं काय, या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

दहा चित्रकारांचं एकेक चित्र जमवलं की हाती फक्त शैलींची खिचडी लागते. एकाच चित्रकाराची दहा चित्रं घ्या, तीन चित्रकार पुरेत. प्रत्येक चित्राच्या फाइलला चित्रकार, वर्ष, कोणासाठी आणि ‘काय घेतलं’ असं नाव द्या. शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: रंग, रेष, रचना, पोत किंवा अक्षर. ‘छान आहे’ यापलीकडे शब्द सुचत नसेल तर चित्र काढून टाका.

मग मोजमाप. चित्र ग्रेस्केल करा. काय दिसायला हवं ते अजूनही दिसतंय का? नंतर पोस्टराइझ करून (छटांची संख्या कमी करून) चार पायऱ्यांवर आणा. गडद भाग पानाचा किती हिस्सा व्यापतो ते कळतं. फ्रेंच चित्रकार मालिका फाव्र यांच्यासारख्यांच्या सपाट चित्रांत एकूण रंग मोजा. वाटतात त्याहून पुष्कळ कमी निघतील, आणि कडा रेषेने न काढता दोन रंग भिडवून काढलेल्या दिसतील. हे कळलं की चित्र मिटा आणि तुमच्या कथेवर तीच युक्ती लावा. चित्र समोर ठेवून काढायला बसलात की हात नक्कलच करतो.

मुखपृष्ठाचे कच्चे आराखडे साडेपाच बाय साडेआठ सेंटिमीटरच्या चौकटीत काढा. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे एका इंचाला एक सेंटिमीटर, हिशोब डोक्यात बसतो. निदान बारा काढा. पहिले तीन-चार पिंटरेस्टचेच निघतात, ते जाऊ द्यात. निवडलेला आराखडा शंभर-सव्वाशे पिक्सेल रुंद करून मोबाइलवर बघा, पुस्तकविक्रीच्या यादीत तो एवढाच दिसणार आहे.

आता छपाई, कारण पडद्यावर भुलून घेतलेले बरेच रंग इथे मरतात. झगझगीत नारिंगी, विजेरी निळा, पोपटी आणि जांभळा चार रंगांत येत नाहीत. नारिंगी विटकरी होतो, निळा जांभळ्याकडे झुकतो. सुरुवातीपासून सीएमवायके प्रूफ (चार रंगांत छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर दाखवणारी सोय) चालू ठेवूनच रंग निवडा. संदर्भातला गुलाबी फारच तेजस्वी असेल तर तो रिसोग्राफवर (एकेका रंगाची शाई वेगळी लावणाऱ्या छपाईयंत्रावर) छापलेला असण्याची शक्यता आहे, तिथे फ्लुरोसंट शाईचं स्वतंत्र ड्रम असतं. तो परिणाम ऑफसेटवर हवा तर पाचवा, खास रंग लावावा लागेल आणि प्लेटचा खर्च वाढेल. शीर्षक पांढरं सोडायचं असेल तर ते चार रंगांच्या मिश्रणातून सोडू नका. प्लेट जराशी हलली की शिरोरेषेला लाल-निळी किनार सुटते. मागचा रंग एका-दोन प्लेटमध्येच आणा.

दिवाळी अंकाची चित्रं मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या साध्या कागदावर) जाणार असतील तर निव्वळ रेषेचं चित्र छपाईच्या मापात १२०० डीपीआय बिटमॅप (फक्त काळं-पांढरं) द्या, ग्रेस्केल नको. ग्रेस्केलमध्ये दिलं की रेषेच्या कडेला जाळीचे ठिपके येतात आणि काळी रेष करवतीसारखी दिसते. छटा हव्याच असतील तर ३०० डीपीआय ग्रेस्केल, पण १० टक्क्यांखालच्या छटा उडतील आणि ८५ च्या वरच्या भरून काळ्या होतील. रेष पाव पॉइंटाहून बारीक नको. काळ्यातून सोडलेली पांढरी रेष पाऊण पॉइंट तरी हवी, शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. पाचही चित्रं एकाच मापात काढा. एक चित्र दीडपट मोठं आणि दुसरं निम्म्यावर आणलं की एकाच हाताच्या रेषा दोन माणसांच्या वाटतात.

रंगपेटी

ल-श सुटलं. कंपोझर बदलल्यावर वेलांटीही जागेवर आली. दलालांचं प्रकाशकांना कळवलं, परवानगीचं पत्र तेच पाठवणार आहेत. ऑफसेटवाला, पाच कथांपैकी एक अंकाच्या आर्टपेपरच्या फॉर्ममध्ये (गुळगुळीत कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांत) येतेय. त्यासाठी वेगळी फाइल लागेल का?

ऑफसेटवाला

रेषेचं चित्र असेल तर तीच चालेल. छटांचं असेल तर वेगळी करा. आर्टपेपरवर ठिपका कमी पसरतो, त्यामुळे मॅपलिथोसाठी उजळ केलेलं चित्र तिथे फिकं पडेल. दोन्ही फाइलींच्या नावात कागद लिहा, नाहीतर प्रेसमध्ये अदलाबदल होते.